हजारात दोन डायसेंट्रिक म्हणजे किती?

नाशिककडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचा धाकटा भाऊ इंडस्ट्रियल रेडिओग्राफीत आहे. पाइपलाइनच्या वेल्डिंगचे जोड इरिडियमच्या किरणोत्सारी सोर्सनं तपासायचं काम. गेल्या तिमाहीच्या टीएलडी बॅजवर (अंगाला लागलेले किरण मोजणारा बिल्ला) 480 मिलिसिव्हर्ट (किरणांच्या डोसचं माप) आलं, म्हणून कंपनीनं त्याचं काम थांबवलं आणि रक्त क्रोमोसोम, म्हणजे गुणसूत्रांच्या, तपासणीला पाठवलं. अहवालात लिहिलंय: ‘1000 मेटाफेज तपासल्या. डायसेंट्रिक 2, सोबत असेंट्रिक तुकडे. क्रोमॅटिड ब्रेक 3.’ (मेटाफेज म्हणजे ऐन विभागणीत थांबवलेली पेशी. बाकीचे शब्द पुढे उलगडते.) घरच्या डॉक्टरांनी तो वाचून ‘क्रोमोसोम तुटलेत’ एवढंच सांगितलं. भाऊ सुट्टीत घरच्या द्राक्षबागेत फवारणीही करतो. लग्नाला दीड वर्ष झालंय. ताई विचारतात: हे किरणांमुळे झालं की औषधांमुळे? बरं होतं का? आणि मूल होऊ द्यावं की नाही?

ताई, आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. या अहवालावरून तुमच्या भावाच्या सगळ्या अंगाला 480 मिलिसिव्हर्ट लागलेलं दिसत नाही. बॅजला लागलं असेल. मूल होऊ देण्याच्या आड हा कागद येत नाही. फवारणीबद्दल मात्र मला जरा रागावून बोलायचंय, ते पुढे.

मी गेली तीस वर्षं मुंबईत मायक्रोस्कोपला डोळा लावून तुटलेली गुणसूत्रं मोजतेय. असा अहवाल हातात आला की लोक वरचा आकडा वाचतात, मी खालचा वाचते. शाळेत अपूर्णांकाला अंश आणि छेद म्हणायचो, तसं. इथे दोन हा अंश आणि हजार हा छेद. छेद न सांगता ‘क्रोमोसोम तुटलेत’ म्हणणं म्हणजे किती ओव्हर झाल्या ते न सांगता ‘दोन विकेट पडल्या’ म्हणण्यासारखं आहे. जन्मात किरणांच्या कामाजवळ न गेलेल्या माणसाच्या हजार पेशी पाहिल्या, तरी त्यात एखादा डायसेंट्रिक सापडतो. कधी एकही नसतो, कधी दोन असतात.

डायसेंट्रिक म्हणजे काय ते आधी सांगते. प्रत्येक गुणसूत्राला एक कंबर असते, सेंट्रोमिअर. पेशी विभागताना दोरे तिथंच बांधले जातात आणि गुणसूत्राचे दोन भाग दोन दिशांना ओढले जातात. किरणांनी दोन वेगवेगळी गुणसूत्रं एकाच वेळी तुटली आणि पेशीनं घाईघाईत दुरुस्ती करताना भलतीच टोकं एकमेकांना जोडली, तर दोन कमरांचं एक लांबडं गुणसूत्र तयार होतं. तो डायसेंट्रिक. उरलेली दोन टोकं जुळून बिनकमरेचा तुकडा होतो, तो असेंट्रिक. म्हणून खऱ्या डायसेंट्रिकच्या पेशीत मोजणी पुन्हा 46 च भरते. दोन गुणसूत्रांच्या जागी एक डायसेंट्रिक आणि एक तुकडा. आम्ही नव्या मुलींना पहिल्या दिवशी हेच शिकवतो: दोन कमरा दिसल्या की नाचू नका, आधी तुकडा शोधा. तुकडा नसेल तर बहुतेक वेळा दोन गुणसूत्रं एकमेकांवर पडलेली असतात, किंवा एकच गुणसूत्र सुतळीसारखं पिळलेलं असतं आणि पीळ कंबरेसारखा दिसतो. तुमच्या अहवालात ‘सोबत असेंट्रिक तुकडे’ असं लिहिलंय. ते वाचून मला बरं वाटलं, मोजणाऱ्यानं नीट पाहिलंय.

डायसेंट्रिकला दोन तुटणी लागतात, आणि तीही जवळजवळ आणि एकाच सुमाराला. सगळं गणित यावर उभं आहे. 1930 च्या दशकाच्या अखेरीस हार्वर्डमध्ये कार्ल सॅक्स यांनी ट्रेडस्कॅन्शिया या झाडाच्या परागकणांवर क्ष-किरण सोडून हे दाखवलं. एकदाच तुटण्याचे बिघाड डोसच्या प्रमाणात सरळ वाढतात. दोन तुटण्यांची गाठ लागणारे बिघाड डोस वाढला की त्याहून झपाट्यानं वाढतात. आणि तोच डोस थोडा थोडा करून दिला तर कमी होतात, कारण दुसरं तुटायच्या आत पहिलं सांधलेलं असतं.

आता आकडे. गॅमा किरणांचा डोस सगळ्या अंगाला एकदम लागला तर 1 ग्रे, म्हणजे 1000 मिलिसिव्हर्टला, हजार पेशींत ऐंशी-नव्वद डायसेंट्रिक दिसतात. 480 ला वीस-पंचवीस दिसायला हवेत. प्रत्येक प्रयोगशाळेची स्वतःची आलेखरेषा असते, त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण दोनावर येणार नाही. ‘एकदम लागलं नसेल, तीन महिने रोज थोडं थोडं लागलं असेल तर?’ हा वकिली प्रश्न कंपनीचा माणूस विचारेल, आणि तो रास्त आहे. तसं धरलं तर वर सांगितल्याप्रमाणे गाठी कमी पडतील, तरी हजारात दहाच्या आसपास दिसायलाच हवेत. दहा अपेक्षित असताना निव्वळ नशिबानं दोन किंवा त्याहून कमी सापडणं हे हजार वेळा तपासलं तर दोन-तीनदा घडेल इतकं दुर्मीळ आहे.

पण उलट बाजूही सांगते, नाहीतर मी अर्धंच सांगितल्यासारखं होईल. दोन सापडले याचा अर्थ किरण लागलेच नाहीत असा होत नाही. हजारात दोन हा आकडा संख्याशास्त्राच्या नजरेनं शून्यापासून सातापर्यंत कुठेही असू शकतो. साताचा अर्थ एकदम लागलेले दोनशेच्या आतबाहेर, किंवा रेंगाळत लागलेले तीनशेच्या आसपास. आणि शंभर मिलिसिव्हर्टच्या खालचं या चाचणीला एरवीही धड दिसत नाही. आपल्याकडे किरणांच्या कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला 20 आणि कोणत्याही एका वर्षात जास्तीत जास्त 30 मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे. ती ओलांडली की नाही हे बॅज सांगतो, माझा मायक्रोस्कोप नाही. माझं काम एवढंच: बॅजनं मोठा आकडा ओरडून सांगितला तर माणसाचं रक्त त्याला दुजोरा देतंय का ते पाहायचं.

तुमच्या भावाच्या बाबतीत रक्त दुजोरा देत नाही. हे काही नवल नाही. आपल्या बॅजमध्ये कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. एक धातूच्या फिल्टरमागे, एक प्लास्टिकमागे, एक उघडी. त्या तिघींच्या आकड्यांवरून किरण कोणत्या जातीचे होते ते बरंचसं कळतं. पण बॅज त्या वेळी माणसाच्या छातीवर होता की खिळ्याला टांगलेल्या शर्टवर, हे कुठल्याच चकतीला कळत नाही. माझ्याकडे आलेल्या अशा नमुन्यांतले बरेचसे शेवटी ‘शर्ट तिथंच राहिला’ या जातीचे निघाले. एकानं बॅज सोर्सच्या कॅमेऱ्याच्या पेटीवर ठेवून जेवायला गेल्याचं नंतर कबूल केलं. एकाचा बॅज भांडणातून दुसऱ्यानं मुद्दाम सोर्सजवळ ठेवला होता. कंपनीनं काम थांबवलं ते बरोबरच केलं, पण चौकशी माणसाच्या रक्तावर थांबू नये, बॅजच्या प्रवासावर जावी.

एक शंका मात्र उरते, आणि रेडिओग्राफरच्या धंद्यात ती मोठी असते: हात. इरिडियमचा सोर्स पेनाच्या टोकाएवढा. तो नळीत अडकला आणि कुणी बोटांनी धरून सोडवला, तर बोटांना भयंकर डोस लागतो आणि बाकी अंगाला फारसा नाही. तिथं रक्त काही बोलत नाही. भावाला विचारा, त्या तिमाहीत बोटं लाल झाली होती का, भाजल्यासारखी चुरचुरली होती का, फोड, कातडी निघणं, नखाजवळ दुखणं. असलं काही असेल तर आजच त्वचेच्या डॉक्टरकडे न्या आणि ‘गॅमा सोर्सचं काम’ हे शब्द स्वतःहून सांगा, ते विचारणार नाहीत.

अर्धवट अंगाला डोस लागल्याची आणखी एक खूण असते. सगळ्या अंगाला सारखं लागलं तर डायसेंट्रिक पेशींमध्ये विखुरलेले असतात, एका पेशीत एक. थोड्याच भागाला जबर लागलं तर थोड्याच पेशींत दोन-दोन, तीन-तीन दाटीनं असतात. म्हणून प्रयोगशाळेला एक गोष्ट विचारा: ते दोन डायसेंट्रिक एकाच पेशीत होते की दोन वेगळ्या पेशींत? बहुतेक दोन वेगळ्याच असतील. (कधी कधी एकाच पेशीत गुणसूत्रांचा अक्षरशः चुराडा झालेला दिसतो, आठ-दहा डायसेंट्रिक, आणि बाकी नऊशे नव्याण्णव पेशी ठणठणीत. अशा ‘रोग सेल’, म्हणजे इंग्रजीतल्या rogue, बहकलेल्या पेशी, किरणांशी काहीच संबंध नसलेल्या लोकांतही, अगदी ॲमेझॉनच्या जंगलातल्या आदिवासींतही सापडल्या आहेत. एका विषाणूचा हात असावा असा अंदाज मांडला गेलाय. अशी पेशी मोजणीत धरली तर सगळा हिशेबच कोलमडतो.)

रक्तातून हे दिसतं कसं, असंही तुम्ही ओझरतं विचारलंय. रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी एरवी झोपलेल्या असतात. विभागत नाहीत, म्हणून गुणसूत्रं दिसत नाहीत. 1960 मध्ये फिलाडेल्फियाच्या पीटर नॉवेल यांना कळलं की राजम्यातून काढलेलं एक प्रथिन, फायटोहिमॅग्लुटिनिन, रक्तात घातलं की त्या जाग्या होऊन विभागायला लागतात. (अर्धकच्चा राजमा पोटाला बाधतो तोही याच प्रथिनामुळे.) मग 37 अंशावर 48 तास. शेवटच्या दोन-तीन तासांत कोल्चिसिन जातीचं औषध घालून विभागणी ऐन मध्यावर थोपवायची. पावसाळ्यात सह्याद्रीत लाल-पिवळ्या फुलांची कळलावी दिसते ना, तिच्या कंदात असतं तेच कोल्चिसिन. अठ्ठेचाळीसच तास, कारण डायसेंट्रिक पहिल्याच विभागणीत मोजायला हवेत. पेशी दुसऱ्यांदा विभागेपर्यंत दोन कमरांच्या ओढाताणीत निम्म्याच्या आसपास डायसेंट्रिक गळून गेलेले असतात.

त्यानंतर पेशी पाण्यासारख्या पातळ क्षारात फुगवायच्या, मिथेनॉल आणि ॲसेटिक ॲसिडमध्ये पक्क्या करायच्या आणि काचेवर उंचावरून थेंब टाकायचा. मुंबईच्या जुलैत हा थेंब आमचा जीव घेतो. हवा इतकी दमट की काच वाळतच नाही. पेशी जास्तच पसरते, एखाद-दुसरं गुणसूत्र शेजारच्या पेशीत जाऊन बसतं आणि मोजणी 44, 47 अशी भरायला लागते. अशा पेशी टाकून द्यायच्या. टाकायचा मोह आवरणाराही फसतो आणि मोह न आवरणाराही फसतो, म्हणून कोणती पेशी घ्यायची हे डायसेंट्रिक दिसायच्या आत ठरवायचं असतं. हजार पेशी एका माणसाला मोजायला तीन-चार दिवस लागतात. मान अवघडते ती वेगळीच.

छेदाचं इतकं पुराण का लावलंय, तर आपल्याच देशात त्यावरून एकदा मोठा वाद झाला होता. 1975 मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या संशोधकांनी लिहिलं की नुकताच गॅमा किरण दिलेला गहू खाणाऱ्या कुपोषित मुलांच्या रक्तात पॉलिप्लॉइड, म्हणजे गुणसूत्रांचे जादा संच असलेल्या, पेशी वाढल्या. तिकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या प्रयोगांत तसलं काही सापडत नव्हतं. दोन्ही सरकारी संस्था आणि दोन्हीकडे नावाजलेले लोक. मुलं एकूण पंधरा, पाच-पाचाचे तीन गट. आणि प्रत्येक मुलाच्या मोजलेल्या पेशी जेमतेम शंभरच्या घरात. साधा गहू खाणाऱ्या गटात म्हणे एकही पॉलिप्लॉइड पेशी नव्हती. तिथंच आमच्यासारख्यांच्या भुवया वर जातात, कारण निरोगी माणसातही अशा पेशी तुरळक असतातच. छेद इतका लहान असला की ‘शून्य’ हा खरा शून्य नसतो, तो फक्त ‘अजून सापडलं नाही’ असतो.

सरकारनं हा तिढा सोडवायला दोघांना बसवलं: जनुकशास्त्रज्ञ पी. सी. केशवन आणि आपले पां. वा. सुखात्मे. सुखात्मे साताऱ्याकडच्या बुधचे, जागतिक अन्न आणि शेती संघटनेत रोमला वर्षानुवर्षं काम केलेले संख्याशास्त्रज्ञ. गुणसूत्रांच्या भांडणात मोजणीचा माणूस बसवला हे मला आजही फार शहाणपणाचं वाटतं. 1976 च्या अहवालात त्या दोघांनी निष्कर्ष दिला की किरणांच्या गव्हामुळे नुकसान होतं असं म्हणायला ही आकडेवारी पुरत नाही. तरी पुढची कित्येक वर्षं तो पंधरा मुलांचा प्रयोग जगभर किरणित अन्नाच्या विरोधात उद्धृत होत राहिला. आता लासलगावला कांदे आणि आंबे किरण देऊन पाठवतात, तिथले लोकही हा प्रश्न कधीमधी विचारतात.

आता औषधं. रसायनांनी गुणसूत्रं बिघडतात हे उमगलं दुसऱ्या महायुद्धात. जर्मनीतून परागंदा होऊन एडिंबराला आलेल्या शार्लट आवरबाख यांनी जे. एम. रॉबसन यांच्यासोबत मस्टर्ड गॅस फळमाश्यांना दिला. प्रयोगासाठीचा वायू गच्चीवर उघड्या भांड्यात तापवायचा, बाईंचे हात भाजून निघाले होते. 1941 पर्यंत निकाल स्पष्ट होता, पण युद्धातलं गुपित म्हणून सविस्तर छापून यायला 1946 उजाडलं. त्यात त्यांना एक विचित्र गोष्ट दिसली. क्ष-किरणांचा घाव तिथल्या तिथं बसतो. मस्टर्ड गॅसचा परिणाम कधी कधी रेंगाळून, पेशी पुढे विभागल्यावर उमटतो.

हा फरक का पडतो ते नीट उलगडायला बराच काळ गेला, आणि त्यात ए. टी. नटराजन यांचा मोठा वाटा आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत स्वामिनाथन यांच्यासोबत गव्हावर काम करून ते युरोपात गेले आणि नेदरलँड्समधल्या लायडनला स्थिरावले. त्यांचा 1978 चा प्रयोग मी विद्यार्थ्यांना गोष्टीसारखा सांगते. क्ष-किरणांनी डीएनएच्या दोन पदरांपैकी कधी एक तुटतो, कधी दोन्ही. गुणसूत्राचा बिघाड नक्की कशातून होतो? नटराजन आणि गुंटर ओबे यांनी किरण दिलेल्या हॅम्स्टरच्या पेशींत न्यूरोस्पोरा बुरशीचं एक एन्झाइम घुसवलं. ते सुट्या एकपदरी डीएनएला कापतं. म्हणजे जिथं किरणांनी एकच पदर तुटलाय, तिथं समोरचा पदर कापून ते एकपदरी तूट दुपदरी करून टाकतं. किरण तेवढेच राहिले, पण गुणसूत्रांचे बिघाड जवळपास दुप्पट झाले. गुन्हेगार सापडला: दुपदरी तूट. पुढे 1984 मध्ये त्यांनी किरणच वगळले, पेशीत नुसती डीएनए कापणारी रिस्ट्रिक्शन एन्झाइमं सोडली, आणि क्ष-किरणांसारखेच डायसेंट्रिक तयार झाले.

बहुतेक रसायनं दुपदरी तूट थेट करत नाहीत. ती डीएनएला चिकटतात, बेसवर, म्हणजे डीएनएच्या अक्षरांवर, गाठ मारतात. पेशी झोपलेली आहे तोवर काही दिसत नाही. पेशी डीएनएची नक्कल काढायला लागली की नक्कल त्या गाठीला अडखळते आणि नव्यानं तयार होणाऱ्या दोन धाग्यांपैकी एकच तुटतो. त्याला क्रोमॅटिड ब्रेक म्हणायचं. आवरबाखबाईंना दिसलेला उशीर तो हाच. किरणांचा घाव मात्र झोपलेल्या पेशीतही नक्कल होण्यापूर्वीच बसतो, म्हणून नक्कल झाल्यावर दोन्ही धाग्यांत सारखा उमटतो आणि डायसेंट्रिक दिसतो. ब्लिओमायसिनसारखी थोडी औषधं किरणांची नक्कल करतात, पण ती कॅन्सरच्या वॉर्डात मिळतात, कृषी सेवा केंद्रात नाही.

तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं. दोन डायसेंट्रिक हे फवारणीचे नाहीत. ते कुणाच्याही रक्तात सापडावेत इतपत आहेत. तीन क्रोमॅटिड ब्रेक रसायनांकडे बोट दाखवू शकले असते, पण हजारात तीन हे काहीच नाही. आम्ही पेशी वाढवताना झालेले ब्रेकही त्यात असतात.

म्हणून औषधं निर्दोष, असं मात्र नाही. 1987 मध्ये आंध्र प्रदेशातल्या द्राक्षबागांमध्ये औषधं मारणाऱ्या कामगारांवरचा अभ्यास छापून आला होता. त्यांच्या लिम्फोसाइटमध्ये गुणसूत्रांचे बिघाड इतरांपेक्षा जास्त होते. असे अभ्यास गटाबद्दल बोलतात. एका माणसाच्या रक्तावरून ‘हे या औषधानं झालं’ असं मला सांगता येत नाही, आणि कुणी सांगत असेल तर त्याला छेद विचारा. पण गोडी छाटणीनंतर डाउनी या बुरशीरोगाच्या धास्तीनं एका आठवड्यात किती फवारण्या होतात हे मला माहीत आहे, माझंही माहेर तिकडचंच. ब्लोअरमागून उघड्या अंगानं चालायचं, तोंडाला ओला रुमाल, त्याच हातानं तंबाखू मळायची. तंबाखू चघळणाऱ्यांच्या गालाच्या आतल्या पेशींत मायक्रोन्यूक्लिअस, म्हणजे मुख्य केंद्रकाबाहेर राहिलेला गुणसूत्राचा तुकडा, वाढलेला सापडतो हे इतक्या जणांनी दाखवलंय की त्यावर आता वाद नाही. भावाला किरणांची भीती घालण्यापेक्षा रबरी हातमोजे आणि नीट मास्क आणून द्या, आणि पुडी काढून घ्या.

बरं होतं का? डायसेंट्रिक असलेली पेशी दुरुस्त होत नाही, ती हळूहळू जाते. साधारण तीन वर्षांत संख्या निम्म्यावर येते असा हिशेब धरतात, काहींमध्ये त्याहून लवकर. याचा सगळ्यात खडतर धडा ब्राझीलमध्ये मिळाला. सप्टेंबर 1987 मध्ये गोयानिया शहरात ओसाड पडलेल्या दवाखान्यातून भंगारवाल्यांनी किरणोपचाराचं यंत्र उचललं आणि सिझियमची कुपी फोडली. आत निळसर चमकणारी पूड. लोकांनी ती हौसेनं घरी नेली, अंगाला लावली. चौघं दगावली. बॅज कुणाकडेच नव्हता, कुणाला किती लागलं हे सांगायला डायसेंट्रिक हाच मोठा आधार होता. नटराजन यांच्या गटानं ब्राझीलच्या लोकांसोबत त्यांच्यापैकी काहींचा आठ वर्षं पाठपुरावा केला. डायसेंट्रिक ओसरतात म्हणून मग गुणसूत्रं रंगवून ट्रान्सलोकेशन, म्हणजे गुणसूत्रांमधली तुकड्यांची अदलाबदल, मोजायची, ती टिकतात असं मानलं जायचं. पण ज्यांना 1 ग्रेहून जास्त लागलं होतं त्यांच्यात ट्रान्सलोकेशनही सुरुवातीच्या डायसेंट्रिकपेक्षा दोन-तीनपट कमी निघाली. म्हणून ‘नंतर तपासू, काय घाई आहे’ हे वाक्य मला आवडत नाही. तुमच्याकडे रक्त वेळेत गेलंय हे चांगलं झालं.

आता मूल. रक्तातली पेशी पुढच्या पिढीत जात नाही. जातं ते शुक्रपेशीतलं. लिम्फोसाइटमधले दोन डायसेंट्रिक बाळाकडे जाण्याचा रस्ताच नाही. भावाला खरोखर दीड-दोनशे मिलिसिव्हर्ट लागले असते असं धरलं तरी काय? हिरोशिमा आणि नागासाकीत आकिओ आवा यांच्या गटानं वाचलेल्या लोकांच्या मुलांची गुणसूत्रं तपासली. आईबाप स्फोटापासून 2 किलोमीटरच्या आत सापडलेली 8,322 मुलं, आणि तुलनेला ज्यांच्या आईबापांना किरण जवळजवळ लागले नव्हते अशी 7,976. गुणसूत्रांची स्थिर अदलाबदल पहिल्या गटात 18 मुलांत आणि दुसऱ्या गटात 25 मुलांत. हो, किरण न लागलेल्यांत जास्त. मग आईबापांचीही गुणसूत्रं तपासली तर बहुतेक बदल त्यांच्याकडूनच जसेच्या तसे आलेले. नव्यानं उद्भवलेला बदल दोन्ही गटांत एकेकच. केरळच्या कोल्लमकडच्या किनाऱ्यावर मोनाझाइटच्या वाळूमुळे जमिनीतूनच किरण जास्त येतात. तिथं भाभा केंद्राच्या प्रयोगशाळेनं दहा हजारांहून जास्त नवजात बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं, त्यातही गुणसूत्रांचे बिघाड वाढलेले दिसले नाहीत. माश्यांमध्ये क्ष-किरणांनी पुढच्या पिढीत बदल होतात हे हर्मन म्युलर यांनी 1927 मध्येच दाखवलंय, उंदरांतही दिसतं, तेव्हा माणसात अशक्य आहे असं मी म्हणत नाही. पण एवढ्या मोठ्या छेदात जे सापडलं नाही, त्यासाठी तुमच्या भावजयीनं रात्री जागू नये.

शुक्रपेशी तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, आणि किरणांना जास्त हळव्या असतात त्या या वाटेवरच्या पेशी. म्हणून डोस लागल्याची शंका असली की डॉक्टर सहा महिने थांबायला सांगतात. बॅजची ती तिमाही संपून किती दिवस झाले ते मोजा, बराचसा काळ तसाही उलटला असेल. स्त्रीरोगतज्ज्ञांना कागद दाखवा, पण ‘क्रोमोसोम तुटलेत’ असं न म्हणता ‘हजारात दोन डायसेंट्रिक, बॅज 480’ असं पूर्ण सांगा.

पुन्हा रक्त द्यायची मला तरी गरज दिसत नाही. कंपनीनं मागितलंच तर हेपॅरिनच्या, म्हणजे हिरव्या बुचाच्या नळीत द्या, जांभळ्या बुचाच्या नाही. आणि बर्फाला चिकटून पाठवू नका. एकदा दुसऱ्या राज्यातून एका कामगाराचं रक्त आमच्याकडे बर्फाच्या पाकिटात गोठून आलं, एकही पेशी वाढली नाही. तो माणूस कामावर परत गेला, नवा नमुना कधी आलाच नाही. त्याला किती लागलं होतं हे मला आजही माहीत नाही.

प्रयोगशाळेला त्या दोन पेशींचे फोटो मागा, ते ठेवलेले असतात. आणि भावाला शांतपणे, त्याची चूक काढायची नाही अशा सुरात विचारा, की त्या तीन महिन्यांत काम संपल्यावर त्याचा बॅज रात्री कुठे टांगलेला असायचा.